नामदार गोखले आणि गिरमिटचा कागद

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पेण किंवा रोहा स्थानकावर कधी आगगाडीत बसला आहात का? पनवेलहून येणारी गाडी पेणला थांबते, मग रोह्याला येते. रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. गाडी माणगाव, गोरेगाव रोड अशी स्थानके मागे टाकत दक्षिणेकडे जाते आणि रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणला पोहोचते. चिपळूणहून रस्त्याने गुहागर तालुक्यात गेले की कोतळूक नावाचे एक लहानसे गाव लागते. या गावात ९ मे १८६६ रोजी एका गरीब घरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळ. हाच मुलगा पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हणून साऱ्या देशाला माहीत झाला.

गोखले थोर देशभक्त होते, महात्मा गांधी त्यांना आपले राजकीय गुरू मानत, हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक मोठे काम फारसे सांगितले जात नाही. समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आपल्या लाखो मजुरांसाठी ते झगडले. ते मजूर त्यांच्या नात्याचे नव्हते, ओळखीचेही नव्हते. तरीही गोखल्यांनी त्यांचे दुःख स्वतःचे मानले. आज आपण त्यांच्या आयुष्याची ही गोष्ट वाचणार आहोत.

गोपाळचे वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरी करत. गोपाळ तेरा वर्षांचा असताना, १८७९ साली, वडील वारले. घरावर मोठे संकट आले. थोरला भाऊ गोविंद स्वतः शिकत होता. त्याने शिक्षण सोडले आणि कागलमध्येच महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवी. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. भावाचे आणि वहिनीचे हे उपकार गोखले जन्मभर विसरले नाहीत. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याला केवढा त्याग करावा लागतो, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते.

गोपाळच्या शाळेतील एक आठवण नेहमी सांगितली जाते. गुरुजींनी घरी करण्यासाठी गणिते दिली होती. एक गणित फारच अवघड होते. दुसऱ्या दिवशी ते फक्त गोपाळचेच बरोबर निघाले. गुरुजींनी त्याला शाबासकी दिली आणि वर्गात पहिल्या जागेवर बसायला सांगितले. पण गोपाळ रडू लागला. गुरुजींना नवल वाटले. तेव्हा गोपाळने खरे काय ते सांगून टाकले. हे गणित सोडवताना त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. आपण न केलेल्या कामाची शाबासकी घ्यायला त्याचे मन तयार नव्हते.

गोपाळ कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिकला. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून तो बी. ए. झाला. त्या काळी पदवीधर माणसाला सरकारी नोकरी सहज मिळे. गोखल्यांनी मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली. पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक झाले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांमधून शिकवले जाई. आकड्यांची त्यांना फार आवड होती. सरकारचे अहवाल, जमाखर्चाचे तक्ते, आयोगांची जाडजूड पुस्तके ते बारकाईने वाचत. या सवयीचा पुढे देशाला मोठा उपयोग झाला.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. थोड्याच वर्षांत ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलमध्ये गेले. म्हणूनच लोक त्यांना आदराने नामदार म्हणू लागले. त्या सभेत इंग्रज अधिकाऱ्यांचा भरणा असे. त्यामुळे मतदानात सरकारचाच विजय व्हायचा. तरीही गोखले बोलायला उभे राहिले की मोठमोठे अधिकारी सावध होऊन बसत. कारण ते आरडाओरडा करत नसत. ते सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडत आणि त्यातून सरकारची चूक दाखवून देत.

आता आपण थोडे मागे जाऊ आणि समुद्रापलीकडे पाहू.

हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक लहान बेट आहे. १८१० साली ते इंग्रजांनी फ्रेंचांकडून जिंकून घेतले. तेथे उसाचे मोठमोठे मळे होते. या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. पुढे इंग्रज सरकारने कायद्याने गुलामगिरी बंद केली. मॉरिशसमध्ये हा कायदा १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. गुलाम मोकळे झाले. आता ऊस तोडायचा कोणी, असा प्रश्न मळेवाल्यांपुढे उभा राहिला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. येथेही इंग्रजांचेच राज्य होते. येथे दुष्काळ होता, कर्ज होते, बेकारी होती. एका मुलखाला मजूर हवे होते आणि दुसऱ्या मुलखात उपाशी माणसे होती. दोन्ही मुलूख एकाच साम्राज्याच्या ताब्यात होते. त्यामुळे हा व्यवहार सोपा झाला.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज ३६ हिंदी मजुरांना घेऊन मॉरिशसला पोहोचले. त्यानंतर जहाजांची रांगच लागली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून माणसे जाऊ लागली. सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर या एकट्या बेटावर उतरले. त्यांत बिहारचे लोक सर्वांत जास्त होते, तमिळ आणि तेलुगू लोक होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपल्या कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते. काही हिंदू होते, काही मुसलमान होते. मॉरिशसचा प्रयोग मळेवाल्यांना फायद्याचा ठरला. मग त्रिनिदाद, गयाना, जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथेही असेच मजूर नेण्यात आले. नाताळला पहिले जहाज १८६० साली पोहोचले. पुढच्या पन्नास वर्षांत तेथे सुमारे दीड लाख हिंदी मजूर गेले.

हे मजूर कसे जात, हे नीट समजून घ्या. गावोगाव दलाल फिरत. ते चांगल्या पगाराचे आमिष दाखवत. मग मजुराला अधिकाऱ्यापुढे उभे करत आणि एका करारपत्रावर त्याचा अंगठा घेत. करार पाच वर्षांचा असे. या कराराला इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात. अडाणी मजुरांच्या तोंडी त्याचा उच्चार ‘गिरमिट’ असा झाला. गिरमिटवर जाणारा तो गिरमिटिया. उर्दूत तुम्ही ज्याला इकरारनामा म्हणता, तोच हा कागद. पण इकरारनामा करणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे हे कळायला हवे. या मजुरांपैकी बहुतेकांना तो कागद वाचता येत नव्हता. आपण कोठे जाणार, किती दूर जाणार, कोणाच्या हाताखाली राबणार, हे त्यांना ठाऊक नसे.

मळ्यावर पोहोचल्यावर त्या कागदाचा खरा अर्थ कळे. मालक पसंत नसला तरी पाच वर्षे काम सोडता येत नसे. काम सोडले तर तो गुन्हा ठरे आणि तुरुंगात जावे लागे. परवान्याशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकता येत नसे. मॉरिशसमध्ये तर एक दिवस कामावर गेले नाही की दोन दिवसांचा पगार कापत. नाताळमध्ये पहिल्या वर्षी महिन्याला दहा शिलिंग पगार आणि शिधा मिळे. पाच वर्षे संपल्यावर मजूर मोकळा होई. पण नाताळच्या गोऱ्या सरकारने १८९५ साली नवाच कायदा केला. करार संपलेल्या मजुराने एक तर पुन्हा करार करावा, नाही तर हिंदुस्थानात परत जावे. त्याला तेथेच मोकळेपणाने राहायचे असेल, तर दर वर्षी तीन पौंड कर भरावा. पुढे त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलामुलींवरही हा कर बसवला. तीन पौंड म्हणजे त्या वेळचे पंचेचाळीस रुपये. घरात चार माणसे असली तर वर्षाला एकशे ऐंशी रुपये. एवढे पैसे गरीब मजुराने आणायचे कोठून? त्याने नाइलाजाने पुन्हा अंगठा द्यावा, हाच त्या कराचा हेतू होता.

ही हकिगत गोखल्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः गांधीजींमुळे. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टर होते. १८९६ साली ते पुण्यास आले असताना दोघांची पहिली भेट झाली. १९०१ साली हिंदुस्थानात परत येताना गांधीजी काही आठवडे मॉरिशसलाही राहिले. तेथील मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. तेथील हिंदी लोकांनी मुलांना शिकवावे, असा सल्ला गांधीजींनी दिला. त्यानंतर ते कलकत्त्याला काँग्रेसच्या अधिवेशनास गेले आणि सुमारे महिनाभर गोखल्यांच्या घरी राहिले. समुद्रापलीकडच्या हिंदी लोकांचा प्रश्न गोखल्यांच्या मनात आता घर करून बसला.

१२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. साधेपणाने राहून जन्मभर देशसेवा करणारी माणसे तयार करणे, हा या संस्थेचा हेतू होता. १९०९ साली या संस्थेत नारायण मल्हार जोशी नावाचे एक तरुण शिक्षक दाखल झाले. ते कोठले, हे ऐकून तुम्हांला आनंद होईल. सुरुवातीला आपण गोरेगाव रोड स्थानकाचे नाव घेतले ना? त्या गोरेगावचे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्याचे ते होते. त्या वेळी या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. पुढे जोशी हे देशातील कामगार चळवळीचे मोठे नेते झाले.

२५ फेब्रुवारी १९१० हा दिवस लक्षात ठेवा. त्या दिवशी गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये एक ठराव मांडला. नाताळला हिंदी मजूर पाठवणे बंद करावे, अशी त्यांची मागणी होती. त्यांचे म्हणणे अगदी सरळ होते. नाताळच्या गोऱ्यांना आपल्या माणसांची मेहनत हवी आहे, पण शेजारी म्हणून ती माणसे नको आहेत. जेथे आपल्या माणसांचा अपमान होतो, तेथे सरकारने माणसे का पाठवावीत? या वेळी सरकारलाही ते पटले. ठराव मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळला गिरमिटिया पाठवणे बंद झाले. मॉरिशसची भरतीही १९१० मध्येच थांबली होती.

नाताळचे दार बंद झाले, पण फिजी, त्रिनिदाद, गयाना, जमैका यांची दारे उघडीच होती. म्हणून ४ मार्च १९१२ रोजी गोखले पुन्हा उभे राहिले. आता त्यांनी गिरमिटची पद्धतच मुळापासून बंद करावी, असा ठराव मांडला. त्यांनी सरकारी अहवालांतील आकडे पुढे ठेवले. किती मजूर तुरुंगात गेले, किती जणांनी निराश होऊन जीव दिला, पुरुषांच्या मानाने किती थोड्या बायका मळ्यांवर नेल्या जात, हे सगळे त्यांनी सांगितले. करार दोन्ही बाजूंना समजला पाहिजे, तरच तो करार. येथे एका बाजूला श्रीमंत मळेवाला आणि त्याचे सरकार, तर दुसऱ्या बाजूला कागद वाचू न शकणारा भुकेला माणूस. गुलामगिरी नाव बदलून परत आली आहे, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. कौन्सिलमधील हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण सरकारी मते जास्त होती. ठराव नापास झाला. तो मान्य होईपर्यंत पुन्हा पुन्हा मांडला जाईल, असे गोखल्यांनी सरकारला बजावले.

त्याच महिन्यात त्यांना आणखी एक पराभव पाहावा लागला. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी त्यांनी एक विधेयक मांडले होते. विधेयक म्हणजे कायद्याचा कच्चा मसुदा. सुरुवातीला काही थोड्या भागांत, आणि तेही मुलांसाठीच, सक्ती करावी, असे त्यात होते. मागणी अगदी लहान होती. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासद तर विरोधात होतेच, पण काही श्रीमंत हिंदी सभासदांनीही साथ दिली नाही. पंधरा दिवसांत दोन पराभव! आपल्या पिढीला अपयश सोसूनच देशाची सेवा करावी लागणार आहे, यश पुढच्या पिढ्यांना मिळेल, असे गोखले मानत.

मित्रांनो, या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून दूर वाटतात, पण त्या जवळच्या आहेत. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याखाली दुसरा कोणी काहीही लिहू शकतो. मजुरांचा गिरमिट बंद करणे आणि मुलांना शाळेत पाठवणे, हे गोखल्यांच्या दृष्टीने एकाच अन्यायाशी लढणे होते.

या वेळी गोखल्यांची प्रकृती चांगली नव्हती. त्यांना मधुमेह होता. तरीही गांधीजींच्या आग्रहावरून ते १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेला गेले. २२ ऑक्टोबरला ते केपटाउनला उतरले. गावोगावी त्यांचे जंगी स्वागत झाले. गांधीजी सतत त्यांच्याबरोबर असत. जोहान्सबर्गजवळ गांधीजींचा टॉल्स्टॉय आश्रम होता. तेथे सर्व जण जमिनीवर झोपत. पाहुण्यांसाठी खाट आणण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा गोखल्यांनी ती घेतली नाही. अंगात कसर असूनही ते इतरांप्रमाणे जमिनीवरच झोपले.

जोहान्सबर्गची आणखी एक गंमत ऐका. ती खास तुमच्यासाठी आहे. तेथे कोकणी मुसलमान बरेच राहत होते. पोटासाठी ते कोकणातून इतक्या दूर गेले होते. महाराष्ट्रातील काही हिंदूही तेथे होते. आपल्या मुलखातला एवढा मोठा माणूस आला आहे, तर त्याने आपल्याशी मराठीतच बोलावे, अशी या सर्वांची इच्छा होती. त्यांनी ती गांधीजींच्या कानावर घातली. गोखले सभेत नेहमी इंग्रजीत बोलत. गांधीजींनी त्यांना मराठीत बोलण्याचा आग्रह केला आणि त्याचा हिंदुस्थानीत अनुवाद करण्याचे काम स्वतःकडे घेतले. हिंदुस्थानी म्हणजे तुमच्या उर्दूच्या अगदी जवळची बोलीभाषा. गांधीजींचे मराठी कच्चे होते. त्यामुळे गोखल्यांनी त्यांची थोडी थट्टा केली. पण शेवटी ते कबूल झाले. त्या दिवसापासून परतीच्या वाटेवर झांजीबारपर्यंत अशा सभांमध्ये गोखले मराठीत बोलत गेले आणि गांधीजी ते हिंदुस्थानीत सांगत गेले.

जरा ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. घरापासून हजारो मैल दूर एक सभा भरली आहे. कोकणातला एक ब्राह्मण पुढारी मराठीत बोलतो आहे. कोकणातले मुसलमान ते कान देऊन ऐकत आहेत. एक गुजराती बॅरिस्टर तेच हिंदुस्थानीत सांगतो आहे. त्या दिवशी कोणालाच परके वाटले नसेल.

१४ नोव्हेंबरला गोखले तेथील मंत्र्यांना भेटले. तीन पौंडांचा कर रद्द होईल, असे आश्वासन मिळाल्याची त्यांची समजूत झाली. ते समाधानाने परतले. पण पुढच्या वर्षी तेथील सरकारने असे वचन दिलेच नव्हते, असे सांगितले. मग गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतील हिंदी मजुरांनी काम थांबवले. ६ नोव्हेंबरला दोन हजारांहून अधिक माणसे ट्रान्सवालची सरहद्द ओलांडण्यासाठी पायी निघाली. त्यांत बायका होत्या, कडेवर मुले होती. नंतर उसाच्या मळ्यांतील मजूरही संपात उतरले. अनेकांना मार खावा लागला. काही जण गोळीबारात मेले. हजारो जण तुरुंगात गेले. अहमद महंमद काछलिया या व्यापाऱ्याने तर या लढ्यासाठी आधीच आपल्या धंद्याचे दिवाळे निघू दिले होते, पण माघार घेतली नव्हती.

इकडे गोखले आजारी होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. पण ते देशभर फिरले, भाषणे दिली आणि मजुरांसाठी पैसे गोळा केले. राजे, व्यापारी, विद्यार्थी, हिंदू, मुसलमान, पारशी, सर्वांनी मदत केली. सर रतन टाटा यांनी तर यापूर्वीच मोठी रक्कम दिली होती. गोखल्यांनी सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन या दोन भल्या इंग्रजांना दक्षिण आफ्रिकेला पाठवले. व्हाइसरॉयनेसुद्धा जाहीरपणे मजुरांची बाजू घेतली. अखेर १९१४ साली तीन पौंडांचा तो कर रद्द झाला.

गोखल्यांच्या सौम्य मार्गावर त्या काळी पुष्कळ टीका होई. अर्ज, ठराव आणि भाषणे यांनी काय होणार, असे अनेक देशभक्त विचारत. त्यात काही खरेही होते. तीन पौंडांचा कर नुसत्या बोलण्याने गेला नाही. मजुरांनी संप केला, तेव्हा तो गेला. पण त्या मजुरांची हकिगत देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचवणारा आणि संपाच्या दिवसांत त्यांच्या अन्नाची सोय पाहणारा माणूसही हवा होता. ते काम गोखल्यांनी केले.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी कायमचे हिंदुस्थानात परतले. ते पुण्यास येऊन गोखल्यांना भेटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखल्यांनी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. त्यांचे वय तेव्हा अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. गिरमिटची पद्धत अजून बंद झाली नव्हती. शिक्षणाचा कायदाही झाला नव्हता.

पण त्यांनी पेरलेले वाया गेले नाही. १९१६ साली पंडित मदन मोहन मालवीय यांनी तोच ठराव पुन्हा मांडला. या वेळी सरकारने तो मान्य केला. १९१७ मध्ये मजुरांची भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले आणि गिरमिट संपला. गोखल्यांचे शिष्य आणि आपल्या जिल्ह्याचे ना. म. जोशी यांनी त्याच १९२० साली आयटक ही देशातील पहिली मोठी कामगार संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला. शिक्षणाचे स्वप्न पुरे व्हायला मात्र फार वेळ लागला. १९१८ साली मुंबई इलाख्यात त्या दिशेने पहिला कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला व मुलीला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेले, त्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

आणि मॉरिशसचे काय झाले? १२ मार्च १९६८ रोजी ते बेट स्वतंत्र झाले. आज तेथील निम्म्याहून अधिक लोक त्या मजुरांचेच वंशज आहेत. राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात मजूर जेथे उतरत, ती जागा त्यांनी जपून ठेवली आहे. तिला ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. तेथे दगडी पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेली माणसे त्याच पायऱ्या चढून नव्या मुलखात जात. २००६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान दिला. दर वर्षी २ नोव्हेंबरला त्या देशात मजुरांच्या आगमनाची आठवण म्हणून सुटी असते. मजुरांच्या नोंदीची जुनी पुस्तके मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ठेवली आहेत. तेथील लोक त्या नोंदींत आपल्या पणजोबांचे नाव आणि भारतातले गाव शोधतात. ज्या कागदांनी माणसांना बांधले, तेच कागद आज त्यांच्या नातवंडांना घराची वाट दाखवत आहेत.

आणखी एक गोष्ट सांगतो. तेथील शाळांमध्ये मुलांना पूर्वजांची भाषा शिकता येते. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. तेथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि ईदलाही असते. तुमच्या पेणच्या गणेशमूर्ती प्रसिद्ध आहेत. तेव्हा पेणमध्ये मूर्तींना रंग देण्याची घाई चालते, त्या दिवसांत हजारो मैल दूरच्या त्या बेटावरही मराठी घरांत तीच तयारी चाललेली असते.

मुलांनो, तुम्ही उर्दू माध्यमात शिकता आणि मराठी दुसरी भाषा म्हणून वाचता. कधी कधी मराठीचे जोडाक्षर अडते, लिंग चुकते, कंटाळाही येतो. अशा वेळी त्या मजुरांची आठवण करा. त्यांना एक भाषाही वाचता येत नव्हती, म्हणून त्यांची पाच-पाच वर्षे एका कागदाने घेतली. तुम्हांला दोन लिप्या वाचता येतात, एक उजवीकडून आणि एक डावीकडून. घरातले आजोबा-नानी यांना विचारा, आपल्या घरातले किंवा मोहल्ल्यातले कोणी बोटीवर, आफ्रिकेत किंवा आखातात कामाला गेले होते का? ते कसे गेले? कोणत्या कागदावर सही करून गेले? जे ऐकाल ते वहीत लिहून ठेवा. उर्दूत लिहा, नाही तर मराठीत लिहा.

आणि उद्या तुमच्या शेजारचे कोणी नोकरीचा, कर्जाचा किंवा जमिनीचा कागद घेऊन तुमच्याकडे आले, तर तो त्यांना शेवटपर्यंत वाचून दाखवा. त्यानंतरच त्यांना सही करू द्या. कोतळूकच्या गोपाळने देशासाठी जे केले, त्याची सुरुवात अशाच वाचण्यातून झाली होती.